जपानमधल्या रेस्टॉरंटच्या नोकरीआधी: कामाची जपानी कोणत्या क्रमाने शिकायची

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फोर पातळी पास झालेली मुलंमुली जपानच्या रेस्टॉरंटमध्ये पहिल्या दिवशी गोंधळतात, ती अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. त्यांनी पुस्तकातली सभ्य वाक्यं शिकलेली असतात. दुकानात ग्राहक तुटक बोलतो, किचन ओरडून बोलतं, आणि ग्राहकाशी मात्र तुम्ही अतिशय औपचारिक बोलायचं असतं. म्हणजे जी भाषा ऐकायची ती तुम्ही बोलत नाही आणि जी बोलायची ती तुमच्याशी कोणी बोलत नाही. हा फरक लक्षात न घेता केलेली तयारी परीक्षेपुरती उरते.

खाली दिलेला क्रम मोडू नका. जपानी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. जिथे ऽ आहे तिथे स्वर नीट दुप्पट लांबवायचा. शेवटी पाय मोडलेला स्‌ दिसेल तिथे ‘सु’मधला उ जवळजवळ ऐकू येत नाही.

## पायरी 1: आधी काम आणि व्हिसा ठरवा

हॉलमध्ये (ग्राहकांसमोर) काम करायचं आहे की किचनमध्ये? दोन्हीकडची शब्दसंपदा वेगळी आहे. मुलाखतीआधी हे विचारून घ्या. लहान दुकानात दोन्ही करावं लागतं.

‘तोकुतेइ गिनोऽ’ या व्हिसावर (2019 पासून सुरू झालेला, विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठीचा) रेस्टॉरंट क्षेत्रात जायचं असेल तर दोन गोष्टी लागतात: कौशल्य चाचणी आणि जपानीची परीक्षा. जपानीसाठी जेएलपीटीची एन-फोर किंवा जेएफटी-बेसिक यांपैकी एक चालते. एन-फोर 180 गुणांची असते, 90 ला पास, पण प्रत्येक विभागात किमान गुण मिळवावेच लागतात. श्रवणात 60 पैकी 19 पेक्षा कमी पडले तर बाकी कितीही चांगलं लिहिलं तरी नापास. जेएफटी-बेसिक 250 पैकी 200 ला पास. ती संगणकावर होते आणि निकाल तिथेच पडद्यावर दिसतो. आपल्याकडे जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, त्यामुळे एक तारीख चुकली की सहा महिने जातात.

विद्यार्थी व्हिसावर जाऊन पार्टटाइम करणार असाल तर परवानगी घेऊन शाळा चालू असताना आठवड्याला 28 तासच काम करता येतं.

सावधान: दोन्ही परीक्षांत बोलण्याची चाचणी नाही. प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे तोंड उघडता येईल असं नाही. ‘भाषा तिथे गेल्यावर येईलच’ असं सांगणाऱ्या एजंटवर तर अजिबात विसंबू नका. नियम आणि भरतीची स्थिती बदलत राहते, त्यामुळे फी भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा.

## पायरी 2: लिपी, पण आवाजासकट

हिरागाना आणि काताकाना दोन्ही पहिल्या महिन्यातच संपवा. बहुतेक जण हिरागाना पक्की करतात आणि काताकाना ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात. रेस्टॉरंटसाठी हे उलटं आहे. अर्ध्याहून जास्त मेन्यू काताकानात असू शकतो, आणि ऑर्डर घ्यायच्या हँडी यंत्रावरही तीच लिपी.

वहीत जपानी शब्द देवनागरीत लिहिण्याची सवय लावू नका. सुरुवातीला सोपं वाटतं, पण डोळ्यांना लिपीची सवय होत नाही आणि ऐन गर्दीत चिठ्ठी वाचता येत नाही.

उच्चारात आपल्याला एक फायदा आहे. ‘त्सु’ हा आवाज अनेकांना जड जातो, आपल्याला नाही. ‘चूक’ या शब्दातला च म्हणतो तसाच तो आहे. ‘फु’ म्हणताना मात्र वरचे दात ओठाला लावू नका, मेणबत्तीवर फुंकर घातल्यासारखा सोडा. आणि ल नाहीच. ‘सलाड’ला सारादा, ‘ग्लास’ला गुरासु.

सगळ्यात महाग पडते ती स्वराच्या लांबीची चूक. बीऽरु म्हणजे बिअर, बिरु म्हणजे इमारत. कोऽहीऽ म्हणजे कॉफी, कोपीऽ म्हणजे झेरॉक्स; इथे लांबीबरोबर ह आणि प यांचाही फरक आहे.

इंग्रजीतून आलेले शब्द ओळखीचे वाटतात आणि तिथेच फसगत होते. साऽबिसु म्हणजे ‘फुकट दिलेलं’. बाइकिंगु म्हणजे बुफे. हानबाऽगु म्हणजे पावाशिवायची, गोमांसाच्या किंवा गोमांस आणि डुकराचं मांस मिसळलेल्या खिम्याची टिक्की, बर्गर नव्हे. पोतेतो म्हटलं की बहुतेक वेळा तळलेल्या बटाट्याच्या काड्या. मोऽनिंगु म्हणजे सकाळचा नाश्त्याचा सेट. असे शब्द इंग्रजी अर्थ गृहीत न धरता नवे शब्द म्हणून शिका.

तपासणी: एखाद्या जपानी रेस्टॉरंट साखळीचा मेन्यू इंटरनेटवर उघडा. काताकानातली वीस नावं न अडखळता मोठ्याने वाचता आली तर पुढे जा.

## पायरी 3: आकडे, अगदी झोपेतही

व्याकरणाआधी आकडे. ऑर्डर, टेबल, बिल, शिफ्ट, सगळं आकड्यांवर चालतं.

पदार्थांची संख्या सांगताना ग्राहक इचि, नि, सान म्हणत नाही. तो हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु म्हणतो. या मालिकेत दोन जोड्या फसवतात: मित्त्सु (3) आणि मुत्त्सु (6), योत्त्सु (4) आणि यात्त्सु (8). गोंगाटात चार बिअर आठ होतात त्या अशा. माणसांसाठी हितोरि, फुतारि, साननिन, योनिन. पेल्यांसाठी इप्पाइ, निहाइ, सानबाइ. बाटल्यांसाठी इप्पोन, निहोन, सानबोन. सगळी गणनापद्धती एकदम पाठ करू नका, दुकानात लागतात एवढ्याच.

पैशांत 300 ला सानब्याकु, 600 ला रोप्प्याकु, 800 ला हाप्प्याकु, 3000 ला सानझेन, 8000 ला हास्सेन असे आवाज बदलतात. आपण हजारानंतर लाखात मोजतो, जपानी मोजणी दहा हजारांच्या गठ्ठ्यांत चालते. दहा हजार म्हणजे इचिमान, एक लाख म्हणजे जूऽमान, दहा लाख म्हणजे ह्याकुमान. पगाराचं बोलणं याच मापात होतं, म्हणून हे मुलाखतीआधीच पक्कं हवं.

तारखांमध्ये चार तारीख योक्का आणि आठ तारीख योऽका. शिफ्टच्या तक्त्याबद्दल तोंडी बोलताना या दोन्हींची अदलाबदल झाली की एकतर तुम्ही सुट्टीच्या दिवशी हजर होता किंवा कामाच्या दिवशी घरी असता. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानाच्या तक्त्यात 25 वाजता असंही लिहिलेलं दिसेल. तो रात्रीचा एक.

तपासणी: मित्राला जपानीत वेड्यावाकड्या क्रमाने संख्या वाचायला सांगा आणि तुम्ही फक्त अंक लिहा. विचार न करता लिहिता येईपर्यंत रोज दहा मिनिटं.

## पायरी 4: ग्राहकाशी बोलायची ठरलेली वाक्यं

इथे लोक आदरार्थी व्याकरणाचे तक्ते घेऊन बसतात आणि दमतात. गरज नाही. दुकानातली आदराची भाषा बहुतांशी ठरलेल्या वाक्यांची असते. ती तशीच्या तशी तोंडात बसवा, व्याकरण नंतर आपोआप उलगडतं. वाक्यं प्रसंगाच्या क्रमाने शिका, कारण आठवतीलही त्याच क्रमाने.

ग्राहक आला: इराश्शाइमासे. किती जण: नानमेऽसामा देस्‌ का.

ऑर्डर घेताना: गोच्यूऽमोन वा ओकिमारि देस्‌ का (ठरलं का?). ऑर्डर ऐकून झाली: काशिकोमारिमाशिता. मग गोच्यूऽमोन ओ कुरिकाएशिमास्‌ म्हणून सगळी ऑर्डर परत वाचायची, आणि शेवटी इजोऽ दे योरोशीऽ देशोऽ का (एवढंच ना?).

थांबवायचं असेल: शोऽशोऽ ओमाचि कुदासाइ. पदार्थ ठेवताना: ओमातासे इताशिमाशिता. रिकामी ताटली उचलण्याआधी: ओसागे शितेमो योरोशीऽ देशोऽ का. न विचारता ताटली उचलू नका. चूक झाली तर: मोऽशिवाके गोझाइमासेन. निरोप: आरिगातोऽ गोझाइमाशिता.

फास्टफूडच्या काउंटरवर आणखी एक प्रश्न येतो: तेन्नाइ दे ओमेशिआगारि देस्‌ का, ओमोचिकाएरि देस्‌ का. इथे खाणार की घेऊन जाणार? हा प्रश्न नुसता शिष्टाचार नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये दोन दरांचा उपभोग कर लागू झाला: बसून खाल्लं तर 10 टक्के, बांधून नेलं तर 8. उत्तर चुकीचं ऐकलं की बिल चुकलं.

आता नेहमीच्या चुका. ग्राहकाला ‘आनाता’ म्हणणं. पुस्तकात ‘तुम्ही’ म्हणून तो शब्द येतो, पण दुकानात तो उद्धट वाटतो; ओक्याकुसामा म्हणा किंवा सर्वनाम गाळाच. ग्राहकाची माफी मागताना ‘गोमेन नासाइ’ म्हणणं, हे घरच्या माणसांत ठीक. व्यवस्थापकाला (तेन्चोऽ) ‘र्‍योऽकाइ देस्‌’ (‘समजलं’) म्हणणंही टाळा, वाकारिमाशिता पुरे. काम संपल्यावर वरिष्ठाला ‘गोकुरोऽसामा’ म्हणू नका. ओत्सुकारेसामा देस्‌ म्हणायचं. आणि स्वतःच्या नावामागे ‘सान’ कधीच लावायचा नाही.

पैसे घेताना ‘इचिमानएन कारा ओआझुकारि शिमास्‌’ (दहा हजार येन घेतले) असं बरेच जण म्हणताना ऐकाल. त्यातलं ‘कारा’ काटेकोर जपानी बोलणाऱ्यांना खटकतं. तुम्ही ते गाळून शिका. दुकानाच्या नियमपुस्तिकेत वेगळं वाक्य दिलं असेल तर मात्र ते प्रमाण माना.

तपासणी: आरशासमोर नव्हे, हातात ताटली घेऊन आणि चालता चालता ही वाक्यं म्हणा. बसून येतात आणि चालताना अडतात, असं सगळ्यांचंच होतं.

## पायरी 5: ग्राहक काय बोलतो ते ऐका

ग्राहक पूर्ण वाक्य बोलत नाही. ‘नामा, फुतात्सु’ एवढंच म्हणेल: दोन ड्राफ्ट बिअर. ‘ओहिया’ म्हणजे थंड पाणी. बिलासाठी ओकाइकेऽ, ओकानजोऽ, ओआइसो असे तीन शब्द कानावर येतात, किंवा कोणी न बोलता दोन बोटांची फुली करून दाखवतो. ‘बेत्सुबेत्सु दे’ म्हणजे बिल वेगवेगळं हवं. ‘र्‍योऽश्यूऽश्यो’ म्हणजे रीतसर पावती, नेहमीची छापील रिसीट नव्हे.

पदार्थात बदल सांगणारे शब्द वेगळे गिरवा: नुकि (वगळून), सुकुनामे (कमी), ओऽमे (जास्त), ओऽमोरि (मोठा वाटा), बेत्सु (वेगळं द्या). ‘नेगि नुकि’ म्हणजे कांद्याची पात नको. हा शेवटचा शब्द निसटला की पदार्थ परत येतो.

सगळ्यात फसवा शब्द ‘दाइज्योऽबु देस्‌’. शब्दशः ‘ठीक आहे’. पण ‘आणखी पाणी देऊ का?’ याला हे उत्तर आलं तर अर्थ ‘नको’. ‘केक्कोऽ देस्‌’ही तसंच. हाताची हालचाल आणि सूर बघा. शंका राहिली तर पुन्हा विचारा.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्यासारखंच. ‘पिशवी नको ना?’ याला ‘हाइ’ म्हणजे ‘हो, नको’. इथे मराठीतलाच विचार चालू द्या, इंग्रजीतला मध्ये आणू नका.

## पायरी 6: किचनची बोली

या पायरीकडे जवळजवळ सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, आणि पहिल्या आठवड्यात रडू येतं ते इथेच. वर्गात तुम्ही ‘-मास्‌’ आणि ‘-ते कुदासाइ’ ही सभ्य रूपं शिकता. किचनमध्ये ‘कुदासाइ’ गळून जातं आणि शब्द एकमेकांत मिसळतात.

‘सोरे सागेते’: ते उचलून आण. ‘कोरे मोत्तेत्ते’: हे घेऊन जा. ‘आरात्तोइते’: धुऊन ठेव. पुस्तकातलं ‘आरात्ते ओइते’ तेच हे, आक्रसलेलं. ‘हि तोमेते’: गॅस बंद कर. ‘कोगेतेरु’: करपतंय. ‘तारिनाइ’: कमी पडतंय. ‘होज्यूऽ शिते’: भरून ठेव. ‘आतो दे ईऽ’: नंतर केलंस तरी चालेल.

एका बारीक फरकावर जीव टांगलेला असतो. ‘तबेरु ना’ म्हणजे खाऊ नकोस. ‘तबे ना’ म्हणजे खा. मूळ रूपाला ‘ना’ लागला तर मनाई, तोडलेल्या रूपाला लागला तर आपुलकीची आज्ञा. गरम तव्याजवळ कोणी ‘सावारु ना’ ओरडलं तर हात लागलीच मागे.

‘आगारु’ क्रियापदाचा पुस्तकातला अर्थ वर चढणं. इथे ‘आगारिमाशिता’ म्हणजे पदार्थ तयार झाला, आणि तुम्हाला उद्देशून ‘मोऽ आगात्ते ईऽ यो’ म्हणजे आता घरी जा, तुमची वेळ संपली.

जागांची, कामांची नावं पाठ हवीत: शिकोमि (पूर्वतयारी), आराइबा (भांडी धुण्याची जागा), देनप्योऽ (ऑर्डरची चिठ्ठी), माकानाइ (कर्मचाऱ्यांचं जेवण). मागून जाताना ‘उशिरो तोऽरिमास्‌’, गरम भांडं नेताना ‘आत्सुइ नो तोऽरिमास्‌’, सुरी नेताना ‘होऽचोऽ तोऽरिमास्‌’ असं ओरडून सांगायचं असतं. लाजून गप्प गेलात तर कोणीतरी भाजेल किंवा कापलं जाईल.

सावधान: ही बोली ऐकण्यासाठी आहे. कितीही कानावर पडली तरी वरिष्ठांशी तुम्ही ‘-मास्‌’नेच बोला.

कामावर येताना, संध्याकाळ असली तरी, ‘शुभ सकाळ’ या अर्थाचं ओहायोऽ गोझाइमास्‌. निघताना ओसाकि नि शित्सुरेऽ शिमास्‌.

## पायरी 7: न समजल्यावर काय म्हणायचं

माझ्या मते अख्ख्या तयारीत ही पायरी सर्वांत मोलाची. ‘हाइ’ म्हणजे ‘ऐकलं’. समोरचा मात्र ‘समजलं, करतो’ असं धरून चालतो. न समजता हाइ म्हणण्याची सवय लागली की चुका वाढतात आणि विश्वास जातो. पुन्हा विचारणाऱ्यावर सहसा कोणी चिडत नाही. हो म्हणून भलतंच करणाऱ्यावर मात्र चिडतात.

तीन हत्यारं जवळ ठेवा.

एक, ऐकलेलं परत म्हणणं. ‘सानबान, नामा योत्त्सु देस्‌ ने’: तीन नंबर, चार ड्राफ्ट बिअर, बरोबर? याला फुकुश्योऽ म्हणतात आणि चांगल्या दुकानात जपानी लोकही तेच करतात.

दोन, नेमका प्रश्न. नुसतं ‘वाकारिमासेन’ (कळलं नाही) म्हणून थांबू नका. ‘सुमिमासेन, मोऽ इचिदो ओनेगाइ शिमास्‌’ म्हणा, किंवा न कळलेला तेवढाच शब्द उचलून ‘होज्यूऽ वा नान देस्‌ का’ असं विचारा. काम केल्यावर दाखवून ‘कोरे दे ईऽ देस्‌ का’.

तीन, ग्राहकासमोर सुटका. ‘काकुनिन शिते माइरिमास्‌’ (विचारून येते/येतो) किंवा ‘होका नो मोनो नि कावारिमास्‌’ (दुसऱ्या कोणाला पाठवतो/पाठवते). फोन वाजला तर सुरुवातीला स्वतः घेऊ नका. नाव आणि आरक्षणाची वेळ फोनवर टिपणं अनुभवी लोकांनाही जड जातं.

तपासणी: जोडीदाराला मुद्दाम भरभर आणि अर्धवट सूचना द्यायला सांगा. प्रत्येक सूचनेवर तुम्ही एकतर परत म्हणून दाखवलं पाहिजे किंवा प्रश्न विचारला पाहिजे. नुसतं हाइ म्हटलं की गुण शून्य.

## पायरी 8: स्वच्छता आणि ॲलर्जीचे शब्द

इथे अंदाज चालत नाही. ग्राहक ‘आरेरुगीऽ’ म्हणाला की बाकी काम सोडून लक्ष द्या आणि स्वतः उत्तर न देता किचनला विचारा. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर सक्तीने छापायच्या यादीतले हे आठ शब्द कांजीतही (चिनी चित्राक्षरांतही) ओळखता आले पाहिजेत: तामागो (अंडं), न्यूऽ (दूध), कोमुगि (गहू), एबि (कोळंबी), कानि (खेकडा), सोबा (जपानी बकव्हीट), राक्कासेऽ (शेंगदाणा), कुरुमि (अक्रोड).

कौशल्य चाचणीत स्वच्छता, पदार्थ बनवणं आणि ग्राहकसेवा असे तीन भाग येतात. पहिल्या पातळीच्या प्रश्नपत्रिकेत कांजीवर तिचा उच्चार सांगणारी काना (हिरागाना-काताकाना) लिपी छापलेली असते, पण प्रश्न जपानीतच. जपानच्या फूडसर्व्हिस संघटनेचं अभ्याससाहित्य संकेतस्थळावर मोफत मिळतं. ते परीक्षेपुरतं नव्हे, शब्दांसाठी वाचा. ‘त्सुकेनाइ, फुयासानाइ, यात्त्सुकेरु’ (जंतू लागू देऊ नका, वाढू देऊ नका, मारा) ही त्रिसूत्री आणि साकिइरे साकिदाशि (आधी आलेला माल आधी वापरा) प्रत्यक्ष कामात रोज लागतात. पदार्थाच्या मध्यभागी 75 अंशांवर किमान एक मिनिट, नोरोव्हायरसची शक्यता असलेल्या शिंपल्यांसारख्या पदार्थांना 85 ते 90 अंशांवर किमान 90 सेकंद. हे आकडे जपानीत ऐकून कळले पाहिजेत.

श्योऽमि किगेन आणि श्योऽहि किगेन यांची गल्लत करू नका. पहिल्या तारखेनंतर चव उतरू शकते. दुसऱ्या तारखेनंतर तो माल वापरायचाच नाही.

दारू देणाऱ्या दुकानात काम असेल तर नेनरेऽ काकुनिन (वयाची खात्री) हा शब्दही शिका. जपानमध्ये 18 व्या वर्षी माणूस सज्ञान होतो, पण दारूसाठी वय 20 च आहे.

## पायरी 9: परीक्षा आणि मुलाखत

परीक्षेचं व्याकरण रोज थोडं चालू ठेवा, पण खरा जोर शेवटच्या तीन महिन्यांत. जेएफटीसाठी जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरि’ हे साहित्य आवाजासकट मोफत उतरवून घेता येतं. त्यातले संवाद आधी न वाचता ऐका. वाचून मग ऐकलं की समजल्याचा भास होतो.

मुलाखतीसाठी स्वतःची ओळख एका मिनिटाची, आणि ‘हेच काम का?’ याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत. पाठ केलेलं लांबलचक भाषण पहिल्याच उपप्रश्नाला कोसळतं. त्यापेक्षा छोटी वाक्यं, आणि न कळल्यास सातव्या पायरीतला प्रश्न. समोरच्याला बऱ्याचदा हेच पाहायचं असतं.

नेमणूक पक्की झाल्यावर दुकानाकडून तीन गोष्टी मागा: मेन्यू, टेबलांचा आराखडा आणि ग्राहकसेवेची नियमपुस्तिका. नोकरीच्या अटींचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेतही मागून घ्या. सही करण्याआधी पगार, कापले जाणारे पैसे आणि कामाचे तास त्या कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. मेन्यूतला प्रत्येक पदार्थ नाव, मुख्य घटक आणि किंमत अशा तीन रकान्यांत स्वतःच्या हाताने काना लिपीत उतरवा. विमानात बसण्याआधी तेवढी वही पाठ झाली, तर पहिल्या शिफ्टला निदान पदार्थांच्या नावांवर अडायची वेळ येणार नाही.